परदेशी पाहुण्यांना जपानी चहा देताना: काय ठेवायचं, काय गाळायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: क्योतोत राहता, काही वर्षं उरासेन्के परंपरेचा चहा शिकता, आणि आता सेन्सेईंनी, म्हणजे गुरूंनी, परदेशी पाहुण्यांच्या बैठका तुमच्यावर सोपवल्या आहेत. त्यात महाराष्ट्रातून येणारे ग्रूपही असतात. तासाभरात काय दाखवायचं, किती समजावायचं, मांडी-गुडघ्यांची अडचण असलेल्यांचं आणि शाकाहारी मंडळींचं काय करायचं, आणि या सगळ्यात परंपरेचा तमाशा तर होत नाही ना?

तमाशाचा मुद्दा आधी घेते. तो मनात साफ झाला की बाकीचे निर्णय भराभर होतात.

परदेशी माणसाला चहाच्या खोलीत बसवणं हे पर्यटनवाल्यांनी कालपरवा काढलेलं खूळ नाही. अलेस्सांद्रो व्हालिन्यानो हा जेझुइट पाद्री गोव्याच्या वाटेने १५७९ साली जपानात पोचला. जपानातल्या आपल्या मठांसाठी त्याने जे नियम घालून दिले, त्यांत पाहुण्यांसाठी चहाची जागा असावी आणि ती नीटनेटकी ठेवावी हेही होतं. तेव्हा या चहाविधीचे थोर गुरू खुद्द सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) हयात होते. पुढे १८७२ मध्ये क्योतोत मोठं प्रदर्शन भरलं. खुर्चीशिवाय बसायची सवय नसलेले परदेशी पाहुणे येणार म्हणून उरासेन्केचे अकरावे इएमोतो, म्हणजे घराण्याचे प्रमुख, गेंगेनसाई यांनी टेबल-खुर्चीवरचा चहा बसवला. तोच आजचा र्यूरेई. त्याच प्रदर्शनासाठी सुरू झालेल्या मियाको ओदोरी या नृत्यप्रयोगात आजही एप्रिलमध्ये नाचाआधी गेइको आणि माइको (क्योतोच्या नर्तकी आणि शिकाऊ नर्तकी) र्यूरेई पद्धतीनेच चहा करतात. म्हणजे आज जपानी आजीआजोबाही ज्या टेबलावर आनंदाने चहा घेतात, ते टेबल परदेशी गुडघ्यांसाठी आलं. परंपरा बिघडते म्हणणाऱ्या सीनियर मंडळींना हे हळूच सांगावं. जपानात चहा शिकणाऱ्यांची संख्या गेली कित्येक वर्षं घटते आहे, तेव्हा येणाऱ्या पाहुण्याकडे नाक मुरडण्याची चैन परवडणारीही नाही.

तमाशा होतो तो वेगळ्या कारणाने. एक बाई किमोनो घालून पुढे बसते, बाजूला दुसरी माइकवर वर्णन करते, समोर वीस जण मोबाइल धरून बसतात, आणि शेवटी प्रत्येकाच्या हातात हिरवं पाणी येतं. यात यजमान कोणी नसतं आणि पाहुणाही कोणी नसतो. चहात पाहुण्याला काम असतं: तो बघतो, विचारतो, शेजाऱ्याची परवानगी घेतो, वाडगा परत करतो. ते काम त्याच्याकडून काढून घेतलं की उरतो तो कार्यक्रम. म्हणून कात्री लावताना माझी कसोटी एकच असते: हे गाळल्याने पाहुण्याचं काम जातं का? जात असेल तर ठेवायचं. जात नसेल तर खुशाल गाळा, कितीही सुंदर असो.

पूर्ण चाजी, म्हणजे जेवणासह होणारी चहाची औपचारिक बैठक, चार तास चालते. कोळसा रचणं, काइसेकी जेवण, मधली विश्रांती, घट्ट चहा म्हणजे कोइचा, पुन्हा कोळसा, आणि शेवटी पातळ चहा, उसुचा. एका तासाच्या बैठकीत यातला फक्त शेवटचा भाग घ्यावा: आत येणं, तोकोनोमातली म्हणजे सजावटीच्या कोनाड्यातली लेखनाची गुंडाळी आणि फुलं बघणं, गोड पदार्थ, उसुचा, भांडी बघणं. जपानी लोकांच्या बहुतेक चाकाई, म्हणजे साध्या चहाबैठका, सुद्धा एवढ्याच असतात, त्यामुळे अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. पण जे घ्याल ते क्रमाने आणि पूर्ण घ्या. चार तासांची चाजी चाळीस मिनिटांत धावतपळत दाखवायचा हट्ट काही जण करतात. त्यात ना जेवण नीट होतं ना चहा.

आता समजावणं. नवशिके यजमान हमखास इथे घसरतात. रिक्यू, झेन, वाबी-साबी, चार तत्त्वं असं अर्धा तास प्रवचन होतं, तोवर पाहुण्यांच्या पायांना मुंग्या आलेल्या असतात आणि खरा चहा सुरू होतो तेव्हा सगळे घड्याळ बघत असतात. चहाआधी पाच मिनिटं बोला, आणि तेही फक्त त्यांच्या कामाबद्दल: गोड आधी संपवायचं, वाडगा आला की शेजाऱ्याला "ओसाकी नी" म्हणजे "मी आधी घेतो" म्हणायचं, यजमानाला "ओतेमाए चोदाई इताशिमासु" म्हणजे "तुमच्या हातचा चहा घेतो" म्हणायचं, वाडगा डाव्या तळव्यावर ठेवून उजव्या हाताने थोडा फिरवायचा, शेवटचा घोट आवाज करून ओढायचा. एवढं त्यांच्याकडून एकदा करून घ्या. शेवटचा घोट सगळे मिळून ओढतात तेव्हा हशा पिकतो आणि खोली सैल होते.

मग तेमाए, म्हणजे चहा करण्याचा विधी, सुरू झाली की गप्प बसा. दुभाष्यालाही गप्प बसवा. उसुचाची साधी तेमाए पंधरा-वीस मिनिटांची असते. इतका वेळ शांत बसणं पाहुण्यांना जमणार नाही ही भीती यजमानाची असते, पाहुण्यांची नव्हे. फक्त कान कुठे लावायचा ते आधी सांगून ठेवा. मी दोन गोष्टी सांगते. एक, गरम पाणी ओतल्याचा आवाज आणि गार पाणी ओतल्याचा आवाज वेगळा असतो. गरम पाणी बोजड, मऊ पडतं आणि गार पाणी टणटणीत. कामा म्हणजे पाणी तापवायच्या लोखंडी किटलीत गार पाण्याची पळी पडली की पुढचा आवाज ओळखा. दुसरी, ही कामा गाते. तिच्या बुडाला आतून लोखंडाचे छोटे तुकडे चिकटवलेले असतात. पाणी तापलं की त्यांच्या खालून बुडबुडे निसटतात आणि एक अखंड सूं-सूं उठतो. त्याला मात्सुकाझे म्हणतात, पाइनच्या झाडांतला वारा. गार पाणी घातलं की तो आवाज झटकन थांबतो, आणि काही वेळाने परत येतो. हे एकदा सांगून ठेवलं की दहा वर्षांचं पोरगंसुद्धा कान टवकारून बसतं. एवढ्याने जे होतं ते अर्ध्या तासाच्या प्रवचनाने होत नाही.

प्रश्न शेवटी येऊ द्यात. तेव्हा उत्तरं साधी द्या आणि गाइड लोकांच्या दंतकथा पुढे ढकलू नका. वाडगा का फिरवायचा? यजमानाने वाडग्याची दर्शनी बाजू तुमच्याकडे करून ठेवली, तिथेच तोंड लावायचं नाही म्हणून. विश्वाचं चक्र वगैरे काही नाही. "इचिगो इचिए" हे रिक्यूंचं वचन म्हणून सगळीकडे छापलेलं असतं. कल्पना त्यांच्या शिष्यपरंपरेतली खरी, पण त्या चार अक्षरांना आजचं रूप आणि प्रसिद्धी दिली ती एकोणिसाव्या शतकातल्या ई नाओसुके या सरदाराने. भांडी अशी इंच मोजून का मांडायची, हा प्रश्न मराठी पाहुणे हटकून विचारतात. त्यांना मी विचारते, पानात मीठ कुठे वाढता, आणि चटणी-कोशिंबीर डावीकडेच का? ते हसतात आणि विषय संपतो.

आता शोक्याकूबद्दल. माझ्या मते अर्धी बैठक याच एका माणसावर उभी असते. शोक्याकू म्हणजे मुख्य पाहुणा, यजमानाशी बोलण्याचा मान त्याचा. पर्यटकांच्या बैठकीत बहुतेक जण हे पद गाळतात, कारण "त्यांना कुठे काय माहीत". उलट करा. ग्रूप आला की बाहेरच, चपला काढता काढता, एक जण हेरा आणि त्याला तीन प्रश्न द्या: गुंडाळीवर काय लिहिलं आहे, हा वाडगा कुठला, आणि चहाचं नाव काय. बस. हे तीन प्रश्न त्याने योग्य वेळी विचारले की तुमचं सगळं सांगणं उत्तर होऊन येतं. भाषणही टळतं, आणि बाकीचे पाहुणे आपल्याच माणसाचं संभाषण ऐकत असल्यामुळे जागे राहतात. शेवटच्या पाहुण्यालाही काम असतं, रिकामे वाडगे आणि ताटल्या गोळा करून परत पोचवण्याचं. तिथे चटपटीत माणूस बसवा. मराठी कुटुंबात सर्वांत वडील माणसाला पुढे बसवलं जातं आणि ते बरोबरच आहे, पण आजोबांना प्रश्न विचारायचा संकोच वाटत असेल तर मान त्यांचा ठेवून प्रश्न शेजारच्या नातीकडे द्यावेत. जपानी शिस्तीत हे थोडं तिरकं आहे. माझ्या सेन्सेईंना चालतं. तुमच्या सेन्सेईंना आधी विचारा.

किती माणसं? साडेचार तातामींच्या, म्हणजे जमिनीवरच्या साडेचार चटयांच्या, खोलीत पाच-सहा. त्याहून जास्त असतील तर पहिल्या दोघांचा चहा समोर करायचा आणि बाकीच्यांचा मिझुयातून, म्हणजे मागच्या तयारीच्या खोलीतून, करून आणायचा. याला ताते-दाशी म्हणतात आणि जपानातल्या मोठ्या चाकाईत हेच चालतं. मराठी ग्रूपमध्ये याचा एक फायदा आहे, जो इथल्या कोणाच्या लक्षात येत नाही. समोर तेमाए करताना पहिल्याचा वाडगा गरम पाण्याने विसळून, चाकिन या फडक्याने पुसून पुन्हा वापरला जाऊ शकतो. "नुसतं विसळून?" हे आपल्या मावश्या तोंडाने म्हणत नाहीत, चेहऱ्यावर लख्ख दिसतं. प्रत्येकाला वेगळा वाडगा दिला की उष्ट्याचा प्रश्नच येत नाही. कोइचाचा मात्र आग्रह धरू नका. एकाच वाडग्यातून सगळ्यांनी पिणं हा त्याचा गाभा, आणि तोच आपल्याकडे अडतो. कोणी जाणकार पाहुण्याने मागितलाच तर काकुफुकु-दाते करा, प्रत्येकाला स्वतंत्र वाडगा. ही पळवाटही नवी नाही. उरासेन्केचे तेरावे इएमोतो एन्नोसाई यांनी आरोग्याच्या काळजीपोटी ती आणली होती, आणि कोविडनंतर ती जपानभर रुळली.

खाण्याचं. वागाशी, म्हणजे चहासोबतची जपानी मिठाई, बहुतेक शाकाहारी असतात: अझुकी या लाल कडधान्याचं किंवा पांढऱ्या घेवड्याचं गोड पुरण, तांदळाचं पीठ, साखर, आणि घट्टपणासाठी कांतेन, जो समुद्री शेवाळातून येतो. कासुतेरा केक आणि दोरायाकी पॅनकेक यांत अंडं असतं, ते टाळा. जैन पाहुण्यांसाठी मात्र दुकानात नीट विचारावं लागतं. जोयो मांजू हा पुरण भरलेला वाफवलेला बन दिसायला निरागस पांढरा असतो, पण त्याच्या आवरणात यामाइमो म्हणजे कंद किसून घातलेला असतो. नेरिकिरी या पुरणाच्या मिठाईतही काही वेळा तोच कंद बांधणीला वापरतात. कुझु आणि वाराबी या वनस्पतींचं सत्त्व मुळातून काढतात. क्योतोचा कोनाशी बरा, त्यात पुरणाला गव्हाचं पीठ मिसळून वाफवतात. आणि चतुर्थी-एकादशीचा उपास असलेली एखादी काकू प्रत्येक ग्रूपमध्ये असतेच. तिच्यासाठी निव्वळ वासानबोन साखर दाबून केलेली हिगाशी, म्हणजे कोरडी मिठाई, ठेवा. त्यात साखरेशिवाय काही नसतं, हे दुकानदाराकडून पक्कं करून घ्या, कारण राकुगान या तशाच दिसणाऱ्या मिठाईत पीठ असतं. जेवणासह बैठक असेल तर काइसेकीच्या रश्श्यात कात्सुओबुशी, म्हणजे सुकवलेला मासा, असतोच. कोंबू शेवाळ आणि सुक्या शिइताके मशरूमचा दाशी, म्हणजे मूळ रस्सा, आधी सांगून करवून घ्यायचा.

चव. दूध नाही, साखर नाही, हे ऐकून आपली मंडळी हबकतात. म्हणून काही यजमान माचा, म्हणजे हिरव्या चहाची पूड, निम्म्यावर आणतात. तसं करू नका, ते कडूसर पाणी होतं आणि फेसही धरत नाही. माचा दोन ग्रॅम, पाणी साठ-सत्तर मिलिलिटर, ऐंशी अंशांच्या आसपास, एवढं ठेवा आणि माचा चांगल्या प्रतीचा घ्या. पैसे वाचवायचे तर वाडग्यांत वाचवा. गोड आधी पूर्ण संपवायला सांगा. आपल्याकडे चहाबरोबर तोंडी लावायची सवय, त्यामुळे अर्धा तुकडा राखून ठेवणारे निघतातच. दोन ग्रॅम माचात साधारण साठ मिलिग्रॅम कॅफिन असतं, त्यामुळे लहान मुलांना निम्मा वाडगा पुरे.

अंगावरच्या वस्तू. अंगठ्या आणि घड्याळं काढायला सांगणं हे सगळीकडे लिहिलेलं असतं. आपल्या बायकांच्या बाबतीत बांगड्या आणि मंगळसूत्र याचा विचार लागतो. वाडगा बघताना नियम असा की कोपरं गुडघ्यांवर टेकवून, तातामीपासून वीतभर उंचीवरच तो हातात घ्यायचा, म्हणजे निसटला तरी फुटत नाही. पण वाकल्यावर मंगळसूत्राची वाटी नेमकी वाडग्याच्या कडेवर आपटते, आणि राकू जातीचा मातीचा वाडगा इतका मऊ भाजलेला असतो की कडेचा कपचा उडायला तेवढं पुरतं. मंगळसूत्र काढायला सांगू नका. पदराच्या किंवा ओढणीच्या आत घ्यायला सांगा, आणि बांगड्यांवर मनगटाला रुमाल गुंडाळायला द्या. राकू वाडगा अशा बैठकीत शक्यतो काढूच नये. पायांत मोजे हवेत. आपल्याकडचे लोक उन्हाळी सँडलमध्ये येतात, म्हणून पांढरे मोजे जादा ठेवा. अत्तर नको हे आदल्या दिवशीच मेसेजने कळवा, दाराशी सांगून उपयोग नसतो.

बसण्याबद्दल फार ताणू नका. सेइझाची, म्हणजे गुडघे दुमडून टाचांवर बसण्याची, सक्ती नको. मांडी घातली तरी चालते, आणि आपले लोक मांडीत युरोपियन पाहुण्यांपेक्षा पुष्कळ सरस असतात. गुडघेदुखीवाले दोन-तीन असतील तर छोटी स्टुलं. पण निम्म्याहून जास्त जणांना खुर्ची लागणार असेल तर सगळी बैठकच र्यूरेई करा. काही खुर्चीवर, काही जमिनीवर आणि यजमान जमिनीवर, अशी खिचडी झाली की खुर्चीवाल्यांचे पाय यजमानाच्या तोंडासमोर येतात आणि सगळ्यांनाच अवघडल्यासारखं होतं. चौदावे इएमोतो तांतानसाई यांचं मिसोनोदाना टेबल त्यासाठी छान आहे. निजिरिगुची या बुटक्या दारातून रांगत आत जाणं बऱ्याच पाहुण्यांना हवं असतं, फोटोसाठी का होईना. ज्यांना जमत नाही त्यांना यजमानाच्या दारातून, काही न बोलता, आत घ्या.

फोन तेमाएभर बाहेर. शेवटी दहा मिनिटं मोकळी, तेव्हा हवे तितके फोटो. ही वेळ आधीच जाहीर केली की मधे कोणी काढत नाही.

पाहुण्यांनी स्वतः चहा घुसळायचा भाग ठेवावा का? ठेवावा, पण तुमची तेमाए झाल्यावर. आधी ठेवला की मग कोणाचं बघण्यात लक्ष राहत नाही. चासेन, म्हणजे बांबूची घुसळणी, कोमट पाण्यात आधी भिजवून ठेवा, नाहीतर काड्या तडकतात. गोल घुसळायचं नाही, मनगट सैल ठेवून पुढे-मागे, आणि टोकं बुडाला घासायची नाहीत. किती फेस, यावरून इथे घराण्यांत फरक आहे: उरासेन्केत पृष्ठभाग भरून फेस, ओमोतेसेन्केत थोडी जागा फेसाविना सोडतात. पाहुण्यांमध्ये फेसाची स्पर्धा लागते. लागू द्या.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. सेन्सेईंची परवानगी असली तरी जाहिरातीत घराण्याचं नाव किंवा चिन्ह वापरायच्या आधी ते वेगळं विचारा. आणि "हा वाडगा केवढ्याला?" हा प्रश्न येणारच. चहाच्या खोलीत किंमत बोलत नाहीत असं तुटकपणे सांगण्यापेक्षा "बाहेर गेल्यावर सांगते" म्हणा, आणि खरंच सांगा.

बाहेर गेल्यावर सगळ्यांना खरेदी करायची असते. सध्या माचाची जगभर ओढ आहे. क्योतोत चांगल्या दुकानांनी माणशी डब्यांवर मर्यादा घातली आहे आणि तेन्चाचे, म्हणजे माचा दळायच्या पानांचे, भाव २०२५ मध्ये भडकले. मोठा डबा घेऊ नका म्हणून सांगा. वीस ग्रॅमच्या डब्यात दहा वाडगे होतात, आणि उघडल्यावर काही आठवड्यांत रंग आणि वास दोन्ही उतरतात. फ्रिजमध्ये घट्ट बंद ठेवायचा, बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायचा नाही, नाहीतर आत दव धरतं. चासेन घ्यायचं तर नारा प्रांतातल्या ताकायामाचं घ्या. सुरुवातीला ऐंशी काड्यांचं पुरतं. वापरून झालं की नुसत्या पाण्यात धुवायचं, साबण नाही, आणि आकार राखणाऱ्या चिनी मातीच्या ठोकळ्यावर उघडं वाळवायचं. ज्या प्लास्टिकच्या डबीतून ते येतं, तीत ओलं परत घालायचं नाही. मुंबई-कोकणाकडच्या पाहुण्यांना हे दोनदा सांगा, पावसाळ्यात त्याला बुरशी धरायला आठवडाही लागत नाही.